ताप येण्याआधीची सुई

मुरबाडच्या दवाखान्यात तुम्ही इतकी वर्षं नेमकं काय केलंत, असं कुणी विचारलं की मी सांगते, पाणी उकळलं. लोक हसतात. त्यांना वाटतं, म्हातारी थट्टा करतेय. पण माझा दिवस खरोखरच तसा जायचा. सकाळी आल्याबरोबर स्टोव्ह पेटवायचा, भांड्यात काचेच्या सिरिंज आणि सुया मांडायच्या, पाणी खदखदू लागलं की घड्याळाकडे बघत उभं राहायचं. दुपारी पुन्हा तेच. आताच्या मुली सुई एकदा वापरतात आणि फेकून देतात. आम्ही एकेक सुई महिनोन्‌महिने चालवायचो. बोथट झाली की दगडावर घासायची आणि टोक कापसावरून फिरवून बघायचं. कापूस अडकला तर पुन्हा घासायची. माझ्या हातची सुई दुखत नाही असं पेशंट म्हणायचे, त्याचं निम्मं श्रेय त्या दगडाला होतं. उरलेलं निम्मं मी घेते.

दवाखाना कसला, एक कौलारू घर होतं. पुढे ओटी, आत चार खाटा, मागे ऑपरेशनच्या टेबलाची खोली. वीज गावात यायची होती. डॉक्टर मुंबईच्या मोठ्या इस्पितळात शिकलेले. तिथेच राहिले असते तर बंगला बांधला असता, पण ते इकडे आले आणि कौलं शाकारत बसले. अडलेली बाई कल्याणला पोचेपर्यंत बैलगाडीत नाहीतर मोटारीत जीव सोडायची, हे दोन-चारदा बघितल्यावर त्यांनी ठरवलं की सिझर इथेच करायचं. मी त्यांच्या हाताशी उभी राहायची. मी त्यांना भ्यायचे आणि मनातून फार मानायचे. ते गेल्याला आता बरीच वर्षं झाली, पण दोन्ही अजून तसंच आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पोट उघडून मूल काढणं हेच काय ते अवघड. डॉक्टर ते तासाभरात करत. पोट शिवून झालं, मूल रडलं, की ओटीवरचे नातेवाईक नारळ फोडायला निघायचे. डॉक्टर हात धुता धुता मला म्हणायचे, "सिस्टर, त्यांचं संपलं. आपलं आता सुरू झालं." कारण बाळंतिणीला घात असतो तो नंतरच्या आठवड्यात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हुडहुडी भरते, ताप चढतो, पोट फुगतं, आणि मग हातात फारसं काही उरत नाही. पेनिसिलिन येण्याआधी अशा किती बायका गेल्या ते मी शिकत असताना पाहिलं होतं. म्हणून डॉक्टरांचा नियम असा, की ताप येण्याची वाट बघायची नाही. ऑपरेशनच्या दिवसापासून सात दिवस, सहा-सहा तासांनी पेनिसिलिन टोचायचं. बाई खाटेवर बसून हसत असली तरी टोचायचं. दिवसातून एकदाच द्यायचं पेनिसिलिन इकडे पुढे मिळू लागलं. आमच्या सुरुवातीच्या वर्षांत घड्याळ आणि मी, दोघांनी मिळून तो कारभार केला.

हे पेनिसिलिन म्हणजे लहानशा बाटलीतली पांढरी पूड. पूड होती तोवर ठीक. पाण्यात विरघळवली की ते औषध उन्हाळ्यात उतरायला लागतं, त्याला गारवा लागतो. बर्फ आणायचा तर कल्याणहून, आणि तो पोचेपर्यंत त्याचं पाणी. यावर तोड माझी आहे, डॉक्टरांची नाही. दवाखान्याशेजारी एका जुन्या शेतकरी घराची विहीर होती. घरच्या मालकीणबाईंना सगळे काकू म्हणत. मी पत्र्याच्या डब्यात तळाला एक धोंडा ठेवायची, वर कापसात बाटली, झाकण घट्ट, आणि डबा दोरीने विहिरीत सोडायची. पाण्याला टेकणार नाही पण गारवा लागेल, इतका खाली. काकू रोज म्हणायच्या, "बाई, एक दिवस तुमचं औषध आमच्या पाण्यात पडेल आणि आमचे बैलसुद्धा बाळंत होतील." पण रहाटाजवळची एक खुंटी त्यांनी माझ्या दोरीसाठी कायमची सोडून दिली होती.

अडचण औषधाची नव्हती, माणसांची होती. आजारी माणसाला सुई टोचलेली लोकांना कळते. चांगल्या हसत्या-बोलत्या बाईला दिवसातून चार वेळा टोचायची, हे कुणाच्या गळी उतरत नसे. त्यातून पाचवी मध्ये यायची. आमच्या भागात मूल जन्मल्यावर पाचव्या दिवशी पाटा-वरवंटा मांडून सटवाईची पूजा करतात, आणि ती घरी व्हायला हवी. त्यामुळे चौथा दिवस उजाडला की दवाखान्याच्या दारात बैलगाडी उभी.

आता शेणव्याच्या अंजनीबद्दल लिहायला हवं. आजवर मी ते कुठे लिहिलेलं नाही.

अंजनीचं सिझर झालं. मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडून केस विंचरून घेत होती, इतकी बरी. डॉक्टरांना कसल्याशा साक्षीसाठी दोन दिवस ठाण्याला जावं लागलं. जाताना एवढंच म्हणाले, "सात दिवस, सिस्टर. हलवायची नाही." चौथ्या दिवशी तिची सासू गोदूबाय गाडी घेऊन आली. नवरा तिकडे भिवंडीला मागावर कामाला होता. घरचं सगळं गोदूबायच बघायची. बाई फार सरळ. माझ्यासमोर हात जोडून म्हणाली, "बाय, उद्या पाचवी हाय. नेऊ का गो तिला? तू बोल. तू नाय बोललीस तं नाय नेत."

मी थर्मामीटर पाहिलं. ताप नव्हता. जखम कोरडी होती. डॉक्टर नव्हते, आणि मला वाटलं, मलाही कळतं. इतक्या वर्षांनी दुसरं काही कारण सांगत नाही. मी म्हटलं, "न्या." सुयांच्या बदली सल्फाच्या गोळ्या बांधून दिल्या, कशा घ्यायच्या ते सांगितलं, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत ओटीवर उभी राहिले.

डॉक्टर परत आले. रिकामी खाट पाहून विचारलं, "कुठे गेली?" माझ्या तोंडून निघून गेलं, "नेलीच हो त्यांनी. ऐकेनात." त्यांनी केसपेपर काढला आणि लिहिलं, 'नातेवाईकांनी बळजबरीने नेली.'

आठवड्याने तिचा नवरा दवाखान्यात आला. अंजनी तापात गेली होती. तो ओटीवर उभा राहून विचारत होता की काय झालं, कशामुळे झालं. डॉक्टर त्याच्यावर डाफरले, "तुमच्या घरच्यांनी ओढून नेली म्हणून झालं. तुझ्या आईला विचार." मी आत पाणी उकळत होते. स्टोव्हचा आवाज मोठा असतो, तरी मला शब्द न्‌ शब्द ऐकू आला. तो पायऱ्या उतरून गेला. मी स्टोव्हपासून हलले नाही.

त्यानंतर डॉक्टरांचा स्वभाव बदलला. नातेवाईक दिसले की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. "ही माणसं ऐकायची नाहीत," हे पालुपद झालं. दर वेळी ते ऐकलं की मी स्टोव्हला पंप मारायची.

याला तीन वर्षं झाली असतील. चैत्र संपत आला होता. टोकावड्याच्या गावाबाहेर एक वाडी आहे, तिथून कमळीला आणलं. दोन दिवस अडलेली. डोलीतून रस्त्यापर्यंत आणली, आणि माळशेजकडून आलेली एसटी हात करून थांबवली. त्या ड्रायव्हरने टोकावड्यानंतर एकही थांबा घेतला नाही. उतारू ओरडत होते, हा भला माणूस गाडी सरळ दवाखान्याच्या दारात घेऊन आला. मधल्या गावांच्या लोकांना मागे चालत जावं लागलं, आणि त्यांच्यातल्या दोघी दुसऱ्या दिवशी विचारायला आल्या, "जगली का?"

जगली. मुलगी झाली. डॉक्टरांचे हात त्या दिवशी असे चालले की मला चिमटा कधी द्यायचा तेही सुचेना, त्यांनी मागायच्या आत तो त्यांनीच उचललेला असायचा.

कमळीबरोबर तिची सासू होती, भागीबाय. सुकलेल्या शेंगेसारखी अंगकाठी, मिसरीने काळे झालेले दात, आणि समोरच्याकडे रोखून बघायची सवय. जमिनीचा तुकडा नाही. आयुष्य दुसऱ्यांच्या शेतांवर गेलेलं. तिसऱ्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाय, परवा पाचवी हाय. उद्या जातो आमी."

"सात दिवस सुया आहेत, भागीबाय."

"तिला ताप हाय?"

"नाही."

"जखम चिघलली?"

"नाही."

"मग बऱ्या माणसाला कशाला टोचतेस गो?"

मी जंतू समजावून सांगायला बसले. डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक असतात, म्हटलं.

"तुला दिसतात?"

"मलाही नाही दिसत."

"मग तुला कसा कलला, ते हायेत?"

मी हात टेकले. शेवटचा उपाय म्हणून मी अंजनीची गोष्ट सांगितली. नाव नाही सांगितलं, शेणव्याची एक पोर म्हटलं. ताप नव्हता, जखम कोरडी होती, पण घरच्यांनी जबरदस्तीने नेली आणि ती गेली. भागीबायने सगळं ऐकलं.

"घरच्यांनी नेली? न इचारता?"

"हो."

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, आणि ओटीवर जाऊन बसली.

रस्त्यापलीकडच्या शेतात त्या दिवशी राब भाजणं चाललं होतं. शहरातल्या वाचकांसाठी सांगते. भाताचं रोप ज्या तुकड्यात टाकायचं, त्यावर उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, झाडांच्या डहाळ्या अंथरतात, वर माती पसरतात आणि पेटवून देतात. जमिनीतलं तणाचं बी जळून जातं. मग पावसाळ्यात तिथे निव्वळ भाताचं रोप येतं. चैत्र-वैशाखात आमच्या सगळ्या तालुक्याला त्या धुराचा वास असतो. मी तो धूर खिडकीतून रोज बघत होते आणि धुतलेल्या पट्ट्यांवर काजळी बसते म्हणून कुरकुरत होते.

अर्ध्या तासाने भागीबाय परत आत आली.

"बाय, म्हंजे हा राब गो."

"काय?"

"तन दिसल्यावर राब कोन भाजतं? तन दिसत नाय तवाच भाजतात. बी दिसतं का मातीत? नाय दिसत. पन हाय ते सगल्यांना ठावं. मग तुझी सुई म्हंजे राबच. आनि अर्धाच भाजला तं? जेवढा ऱ्हाला तेवढ्यात तन." तिने बोटं मोजली. "सात दिवस म्हंजे पुरा राब. नाय जात आमी."

तीन वर्षं ज्या एका गोष्टीसाठी डॉक्टर ओरडत होते आणि मी घसा कोरडा करत होते, ती या निरक्षर बाईने ओटीवर बसून स्वतःची स्वतः सोडवली. सात दिवस का, हेसुद्धा मी न सांगता. मी धावत डॉक्टरांकडे गेले. ते हसले, कितीतरी दिवसांनी मोकळे हसले. म्हणाले, "सिस्टर, कॉलेजात मला हे इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं."

पाचवी मात्र राहता कामा नये होती. मी भागीबायला म्हटलं, इथेच करू. पाटा-वरवंटा मागायला काकूंकडे गेले. कुणाची पाचवी ते ऐकल्यावर काकू उंबऱ्यातच थांबल्या. त्या वाडीच्या माणसांना त्यांच्या अंगणाच्या आत कधी घेत नसत. मग आत गेल्या आणि पाटा-वरवंटा आणून माझ्या पायाशी ठेवला. "न्या. पण परत आणू नका, तिथेच राहू द्या." मला राग आला होता, पण मी मुकाट्याने उचलला. पुढे झालं असं की तो पाटा दवाखान्यातच राहिला आणि त्याच्यावर नंतरच्या प्रत्येक बाळंतिणीची पाचवी झाली. चौथ्या दिवशी दारात उभ्या राहणाऱ्या गाड्या हळूहळू बंद झाल्या. काकूंच्या विटाळाचे आमच्यावर असे उपकार आहेत.

आता भागीबाय माझं घड्याळ झाली. ओटीच्या खांबाची सावली कुठवर आली की कुठली सुई, हे तिने एका दिवसात बसवून टाकलं. मी जरा बसलेली दिसले की हाक यायची, "बाय, सावली पायरीला लागली. उठ." इतर बायकांच्या नातेवाइकांना ती राबाची गोष्ट सांगायची, आणि मीही तिला पुढे करून कौतुकाने सांगायला लावायची. शिकवणारीचा आव आणून मी तेव्हा फार मिरवले.

पाचव्या दिवशी दुपारी मी सिरिंज भरत होते. कुणाच्या तरी भावाने ट्रेमधली सुई बघायला उचलली, आणि मी त्याच्यावर खेकसले. सुया पुन्हा उकळायला टाकल्या. भागीबाय दारात उभी राहून ते बघत होती. तिचा चेहरा उतरला.

"बाय, इकडं ये."

"काय झालं?"

"मी राख लावली."

मला कळेना. ती म्हणाली, "सकाली. राबाची राख. राब भाजल्यावर राख ऱ्हाते, तिनंच रोप जोर धरतं. मला वाटलं, तुझी सुई आतनं, माझी राख वरनं. पट्टी उचलून जखमेला लावली." तिने आपले दोन्ही हात माझ्यापुढे धरले. "आता बघितलं, सुईला नुस्ता हात लागला तं तू परत उकलतेस. मी राख तं हातानंच आनली. शेनाची हाय ती. चुकलं ना गो?"

शेणाची राख, उघड्या टाक्यांवर. ताप नाही, सगळं छान म्हणून मिरवत होते ती मी, आणि राबाची अर्धीच गोष्ट तिच्या हाती देऊन मोकळी झाले होते ती मीच. मातीला जे चालतं ते माणसाच्या कातडीला चालत नाही, एवढं एक वाक्य मी बोलले नव्हते.

डॉक्टर आले, पट्टी उचलून पाहिली आणि भडकले. तुम्ही माणसं, असं म्हणून त्यांनी सुरुवात केली. भागीबाय त्यांच्यासमोर सरळ उभी राहिली. "मी लावली. हिनं नाय, पोरीनं नाय. शिव्या मला दे, डागदर. सुई तिला दे."

डॉक्टरांनी बाह्या सरसावल्या. मग आम्ही दोघं कामाला लागलो. उकळून गार केलेल्या पाण्याने जखम पुन्हा पुन्हा धुतली, कण न्‌ कण काढला. धनुर्वाताचं इंजेक्शन आधी थेंबभर देऊन पाहिलं, मग पुरतं दिलं. पेनिसिलिनच्या जोडीला स्ट्रेप्टोमायसिन सुरू केलं. डॉक्टर म्हणाले, "हिने सांगितलं म्हणून आत्ता कळलं. सांगितलं नसतं, तर परवा ताप चढल्यावर कळलं असतं." ते हे सहज बोलले. मला ते कुठे लागलं ते त्यांना माहीत नव्हतं.

पाचवीची पूजा त्या दिवशी दिवेलागणीला झाली. डॉक्टरांनी परवानगी दिली, वर म्हणाले, "पाटा उकळून घ्या." तो कसला उकळतोय, मी त्याच्यावर दोन किटल्या उकळतं पाणी ओतलं. कमळीने मुलीला पाट्याशी ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. भागीबाय लांब भिंतीशी बसली होती. तिने पूजेला हात लावला नाही. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"भागीबाय, ती शेणव्याची पोर. तिला घरच्यांनी ओढून नेली नव्हती. सासूनं मला विचारलं होतं. मीच न्या म्हटलं."

ती माझ्याकडे वळली. "मला तवाच वाटलं. न इचारता कोन नेतं गो?"

एवढंच. तिने मला दोष दिला नाही आणि धीरही दिला नाही.

पुढचे दोन दिवस मी विसरलेले नाही. सहाव्या दिवशी कमळीला कणकण आली. सातव्या दिवशी खालच्या टोकाचा एक टाका लाल झाला, दाबल्यावर पू आला. डॉक्टरांनी तो टाका काढला, वाट मोकळी केली. पेनिसिलिनची बाटली मी विहिरीतून वर काढायची, भरायची, पुन्हा सोडायची. काकू रहाटाशी उभ्या असायच्या. आता बैलांची थट्टा नव्हती. "कशी आहे?" एवढंच विचारायच्या आणि दोरी ओढायला हात लावायच्या. भागीबाय जेवत नव्हती. खांबाच्या सावलीवर डोळे लावून बसायची. आठव्या दिवशी सकाळी थर्मामीटर उतरलेलं दिसलं, तर माझा विश्वास बसेना. झटकून पुन्हा लावलं. ताप नव्हता. मी ओटीवर जाऊन सांगितलं तेव्हा भागीबायने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि मोठ्याने रडली. मीही रडले. पेशंटसमोर रडायचं नाही हा नियम मी इतरांना शिकवत असे.

बाराव्या दिवशी कमळी चालत एसटीत चढली. गाडी गेली, आणि मी तशीच डॉक्टरांच्या खोलीत गेले. अंजनीचं सगळं सांगितलं. ते उठले. कपाटातून जुना केसपेपर शोधून काढला, ती ओळ खोडली आणि पेन माझ्या हातात दिलं. मी लिहिलं, 'सिस्टरच्या परवानगीने नेली.' खाली सही केली. डॉक्टर म्हणाले, "तीन वर्षं मी लोकांवर उगाच ओरडलो, सिस्टर." मला कामावरून काढलं असतं तर बरं, असं वाटण्यासारखा त्यांचा आवाज होता. पण त्यांनी काढलं नाही, आणि नातेवाइकांवर ते पुन्हा कधी तसे डाफरलेही नाहीत.

मला वाटलं, मिटलं.

पुढच्या चैत्रात भागीबाय आली. काखेला वर्षाची नात, गुटगुटीत, आणि हातात फडक्याचं गाठोडं. मी गाठोड्याकडे पाहिल्यावर तीच हसली. "राबाची राख हाय. तुझ्या दारच्या मोगऱ्याला. मातीची हाय, मातीलाच घाल." मग नातीला खाली ठेवून म्हणाली, "बाय, त्या शेनव्याच्या घरी गेलीस का?"

"नाही. पण डॉक्टरांना सांगितलं. कागदावर दुरुस्त केलं."

"कागद त्या घरात कोनी वाचला?"

उत्तरासाठी ती थांबली नाही. नातीला उचललं आणि एसटी पकडायला गेली.

त्या रविवारी मी शेणव्याला गेले. घर विचारत विचारत पोचले. गोदूबाय पडवीत सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. फार थकली होती. शेजारी चारेक वर्षांचा मुलगा मातीत खेळत होता. माझ्याच हातात पहिल्यांदा रडलेला. तिने मला ओळखलं, उठायला लागली. मी तिला उठू दिलं नाही. उभ्या उभ्याच सांगितलं, की तुम्ही मला विचारलं होतंत, मी न्या म्हटलं, आणि मग डॉक्टरांना खोटं सांगितलं.

सूप तिच्या हातात तसंच राहिलं.

"आमी इचारून नेली होती ना गो?"

"हो. विचारून नेली होतीत."

"मी तेच बोलत होते. चार वर्सं बोलते. कोन ऐकतो?" तिने डोळे पुसले नाहीत. "लेक माझा भिवंडी सोडून घरी आला. वाढलं तं जेवतो. पन माझ्याशी बोलत नाय. चार वर्सं झाली, आये म्हनून हाक नाय मारली." मग तिने मागच्या शेताकडे तोंड करून हाक दिली, "रे, इकडं ये. मुरबाडची बाय आली. काय बोलते ते ऐक."

तो आला. राब भाजत होता. हातपाय राखेने माखलेले. मी सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी त्याच्या डोळ्यांत बघून. तो मला मारेल असं एकदा वाटलं, आणि मारलं असतं तर मी हललेही नसते. तो वळला आणि आत गेला. थोड्या वेळाने हात धुऊन, पाण्याने भरलेला तांब्या घेऊन बाहेर आला. पाहुण्याला आधी पाणी देतात, म्हणून मी हात पुढे केला.

तो माझ्यावरून पुढे गेला, आईसमोर खाली बसला, तिच्या हातातलं सूप बाजूला केलं आणि तांब्या तिच्या ओंजळीत ठेवला.

"आये," तो म्हणाला, "पानी पी."